लोडशेडिंगमध्ये गावचा दवाखाना आणि पाणी चालू ठेवायचं कसं

पंचायतीत नव्यानं निवडून आलेले मेंबर, बदली होऊन आलेल्या सिस्टर, नाहीतर पाणी कमिटीत नाव घातलं म्हणून अडकलेले मास्तर, असं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतं आणि पहिला प्रश्न तोच विचारतं, “कितीचा जनरेटर घ्यावा?” मी वायरमन माणूस. बेळगाव-खानापूरच्या मधल्या गावांत वायरिंग, मोटारी, इन्व्हर्टर हेच करत आलोय. या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. आधी शंभर पानी वही आणायला सांगतो. मशीन कुठं पळून जात नाही की.

आधी लाईट कुठून येते ते शोधा

आपल्या बेळगाव जिल्ह्यात वीज देते हेस्कॉम, म्हणजे हुबळीची कंपनी. हुक्केरी तालुक्याचं मात्र वेगळं आहे. तिथं १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, त्यामुळे तिथल्या माणसानं तक्रार संस्थेकडे न्यायची. निपाणी, कागवाड, चंदगड या पट्ट्यात नाल्यापलीकडे महावितरण सुरू होते, आणि तक्रारीचा १९१२ हा नंबर दोन्हीकडे तोच. फोन उचलला की आधी विचारा, कुठल्या कंपनीतून बोलताय. नाहीतर दहा मिनिटं गाऱ्हाणं सांगून झाल्यावर कळतं की समोरचा माणूस दुसऱ्याच राज्याचा आहे.

वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. बिलावरचा आर. आर. नंबर (म्हणजे तुमचा ग्राहक नंबर), तुमच्या टीसीवर रंगवलेला नंबर, आणि सेक्शन ऑफिसचा फोन. शहरातले लोक ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आपल्याकडे तो टीसीच. तक्रार करताना “आमच्या गावात लाईट नाही” एवढंच सांगितलं तर लाईनमन गावभर फिरतो. टीसीचा नंबर सांगितला तर सरळ तिथं येतो. कानडी येत नसेल तर निदान दोन वाक्यं पाठ करा: “करंट इल्ल” (लाईट नाही) आणि “यावाग बर्तैति?” (कधी येणार?) लाईनमन पोरगा बहुतेक करून मराठी समजतो, पण रात्री दोनला झोपेतून उठवलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत एक वाक्य बोललं की त्याचा आवाज बदलतो, हे मी अनुभवानं सांगतो.

मग फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून तुमच्याकडे येणारी लाईन. कर्नाटकात निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा केला गेला. गावठाणावर असाल तर लाईट जास्त वेळ राहते. शेतीच्या फीडरवर मोटारी चालवणारी थ्री फेज वीज ठरलेल्या तासांनाच येते. २०२३ साली पाऊस पडला नाही, धरणं भरली नाहीत, आणि ऑक्टोबरात पंपांना जेमतेम पाच तास थ्री फेज मिळू लागली. सरकारला वीज कायद्याचं कलम ११ लावून राज्यातल्या वीज उत्पादकांना वीज इथंच द्यायला सांगावं लागलं. अथणी, रायबाग, चिकोडीकडे मळ्यात राहणारी घरं शेतीच्याच फीडरवर आहेत. तुमची बोअर किंवा सब-सेंटर अशा फीडरवर असेल तर तेवढ्याच तासांत सगळं बसवावं लागेल, म्हणून हे आधी तपासा.

आणखी एक फरक नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. लोडशेडिंग वेगळं आणि लाईन तुटणं वेगळं. लोडशेडिंग तासांचं असतं. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात जे होतं ते लोडशेडिंग नव्हे. अकरा केव्हीची तार जंगलातून जाते, जुलैच्या वाऱ्यात फांदी पडते, आणि चिखलातून शिडी नेऊन ती काढेपर्यंत एक-दोन दिवस जातात. तासांसाठी बॅटरी पुरते, दिवसांसाठी पुरत नाही. तुमच्या गावाला यातलं काय जास्त सोसावं लागतं ते ठरवा. दोन्ही असेल तर दोन्हीची तयारी.

वहीत लोड लिहा

आता दवाखान्यात किंवा सब-सेंटरमध्ये (आरोग्य उपकेंद्रात) एक-एक वस्तू बघत फिरा आणि मागच्या पट्टीवरचे वॉट लिहा. तीन खाने करा: जिवाचं, पाण्याचं, सोयीचं. टीव्ही, गिझर, ऑफिसातला एसी हे तिसऱ्या खान्यात. साहेबांना राग आला तरी तिसऱ्यातच.

एक उदाहरण करून दाखवतो. सहा एलईडी ट्यूब, वीस वॉटप्रमाणे १२०. दोन पंखे, १५०. राऊटर आणि फोनचं चार्जिंग धरून ३०. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन), साधारण ३५०. एकूण ६५० वॉट. चार तास चालवायचं तर २६०० वॉट-तास लागले.

बॅटरी कितीची? दुकानात मिळते ती १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. पण ती पार रिकामी केली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. मी एका बॅटरीचे हजारच धरतो. म्हणजे वरच्या लोडला दोन बॅटऱ्या तीन तासच काढतील, चार घेतल्या तर सहा तास.

इथंच वहीचा उपयोग होतो. निम्म्याहून जास्त लोड एकट्या कॉन्सन्ट्रेटरचा आहे. तो बाजूला काढला तर चार तासांना १२०० वॉट-तास लागतात, दोन बॅटऱ्यांत आरामात भागतं. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरला करंट लागतच नाही. बी टाईपच्या छोट्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला दोन लिटर लावला तर बारा तास, पाच लावला तर पाच तास. दोन बॅटऱ्यांच्या पैशापेक्षा कोपऱ्यात एक भरलेला सिलिंडर आणि चालू रेग्युलेटर ठेवणं कितीतरी स्वस्त. मात्र किती लिटर लावायचा हे डॉक्टर सांगतील, मी किंवा तुम्ही नाही. घरी कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या आजोबांच्या घरच्यांनाही हेच सांगा. त्यांच्याकडे सिलिंडर नसेल तर लाईट जायच्या आधी आणून ठेवायला लावा.

इन्व्हर्टरची लाईन वेगळी ओढा आणि त्या लाईनीचे बोर्ड लाल रंगवा. एका ठिकाणी मी हे केलं नव्हतं. लाईट गेल्यावर कुणीतरी पाणी तापवायची कॉइल त्याच बोर्डात घातली, दीड हजार वॉटची. इन्व्हर्टरनं दोनदा शिट्टी मारली आणि मान टाकली. आता लाल बोर्डात काय घालायचं ते बोर्डाशेजारीच लिहून ठेवतो.

बॅटरीची देखभाल सोपी आहे पण करत कुणी नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमतो. तार काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. डिस्टिल्ड वॉटरची बाटली बॅटरीजवळच ठेवा, नळाचं पाणी चुकूनही नाही. बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेतला तर फार बरं. भरलेली बॅटरी १.२४० च्या आसपास दाखवते, १.१८० च्या खाली गेली तर चार्जिंगकडे लक्ष द्या. एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर ती बॅटरी जायच्या वाटेवर आहे. आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. खंडेनवमीला बॅटरीवर उदबत्ती लावून ठेवतात तेव्हा मला घाम फुटतो. पूजा करा, पण उदबत्ती खोलीबाहेर.

लसींचा फ्रीज

याला घाबरून लोक आधी यालाच इन्व्हर्टर जोडतात. गरज नसते. आरोग्य केंद्रातला आयएलआर म्हणजे बर्फाच्या अस्तराचा फ्रीज. चांगल्या स्थितीतला आयएलआर बाहेर ४३ अंश असले तरी लाईटीशिवाय वीस तास धरतो. अट एकच, झाकण उघडायचं नाही. लाईट गेली की वर कागद चिकटवा, “उघडू नये”, आणि वेळ लिहा. आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचंच असतं, लाईट नसेल त्या दिवशी जास्त वेळा थर्मामीटर बघा. जमलं तर बाहेरून दिसणारा बसवा. लांबणार असं वाटलं तर आईसपॅक भरलेल्या कोल्ड बॉक्समध्ये लस हलवायची तयारी ठेवा. गोठलेला आईसपॅक थेट लसीला लावू नका. आधी बाहेर ठेवून तो आतून हलायला, खळखळायला लागला की मगच. पेंटाव्हॅलंटसारख्या काही लशी गोठल्या की वाया जातात, गरम होण्यापेक्षा तिथं गोठण्याचीच भीती जास्त.

घरचा साधा फ्रीज मात्र बंद दारानिशी चारेक तासच गार राहतो. घरात इन्सुलिन असेल तर वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या खाली चार आठवडे चालते, माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवली तरी चालेल. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजवाल्या शेजाऱ्याकडे, नाहीतर मेडिकलवाल्याकडे.

पाणी

इथं सगळे चुकतात. गावाला पूर्ण पाणी जनरेटरवर द्यायचं म्हणतात आणि मग खर्चाला घाबरून काहीच करत नाहीत. हिशोब बघा. दीड हजार वस्तीचं गाव, माणशी ५५ लिटर धरले तर ८२,५०० लिटर लागतात. पण लाईट नाही त्या दिवशी प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर पुरतात, म्हणजे १५,००० लिटर. तुमची बोअर तासाला दहा हजार लिटर देत असेल तर दीड तासाचं काम. पाच एचपीच्या मोटारीला जनरेटर तासाला दोनेक लिटर डिझेल खातो. म्हणजे तीन-चार लिटर डिझेलात गावाचं पिणं भागलं.

पण त्याही आधी टाकी. थ्री फेज आहे तोवर टाकी भरून घ्या आणि खालचा वॉल्व्ह बंद करा. वॉटरमनला हे एकदा सांगून चालत नाही. लाईट गेली की लोक भांडी घेऊन नळावर धावतात आणि जो ओळखीचा असेल त्याच्यासाठी वॉल्व्ह उघडतो. किल्ली कुणाकडे, पाणी कधी सोडायचं, आधी दवाखान्याची टाकी की आधी गल्ली, हे पंचायतीत आधीच ठरवा. पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही घेतली तर वॉटरमनलाही आधार राहतो.

क्लोरीनचा डोसिंग पंप करंटवर असतो, तोही बंद पडतो. ताजी ब्लीचिंग पावडर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, बादलीत कालवून वरचं पाणी टाकीत, आणि तासभर थांबून मग सोडायचं. उघडं पोतं वर्षभर पडलं असेल तर त्यात जोर उरलेला नसतो.

आता जनरेटरचा आकार. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, मग पाच केव्हीएचा जनरेटर पुरेल असं दुकानदार सांगतो. नाही पुरत. डायरेक्ट स्टार्टरवर मोटार सुरू होताना चालू करंटच्या सहा पट ओढते, छोटा जनरेटर तिथंच बसतो. मी निदान १२.५ केव्हीए सांगतो, १५ असेल तर उत्तम. मोटार दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरनं सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण त्यासाठी मोटारीतून सहा वायरी वर यायला हव्यात. बोअरमधल्या बऱ्याच सबमर्सिबलना (पाण्यात बुडालेल्या मोटारींना) तीनच वायरी असतात. तुमच्या बोअरला किती आहेत ते स्टार्टर उघडून मोजा, मगच कोटेशन घ्या.

विकत घ्यायचाच असं नाही. ट्रॅक्टरला जोडायचा आल्टर्नेटर मिळतो आणि ट्रॅक्टर गावात असतातच. दोन-तीन गावांत मिळून एक ठेवला तरी चालतो. फक्त फिरण्याचा वेग बरोबर ठेवावा लागतो. रोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरला तर ५० हर्ट्झ. कमी-जास्त झालं तर मोटार तापते.

आणि पहिल्यांदा जोडल्यावर पाण्याकडे बघा. फेजचा क्रम उलटा लागला तर सबमर्सिबल उलटी फिरते. आवाज नेहमीसारखा, अँपिअरही बरे दिसतात, पण पाणी करंगळीएवढं येतं. लोक म्हणतात बोअर आटली. जनरेटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की धार सुरू.

जनरेटर आणि तो एक हँडल

हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. जनरेटर आणि हेस्कॉमची लाईन यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच, म्हणजे एका वेळी दोन्हीतलं एकच जोडणारा हँडल. थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. काही जण दोन्हीकडे पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ सॉकेटात घालतात आणि मेन पाडली की झालं म्हणतात. एक दिवस मेन पाडायची राहते. टीसी अकरा हजारचे चारशे करतो, उलट्या बाजूनं चारशे दिलं तर चारशेचे अकरा हजार करतो. तुमच्या गावच्या लाईटीसाठी जो पोरगा खांबावर चढलाय, त्याच्या हातात ती तार असते.

दुसरं, जनरेटर उघड्यावर, खिडकीपासून लांब. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बंद पडवीत ठेवून शेजारच्या खोलीत पेशंट झोपवणं म्हणजे जीवाशी खेळ. आणि वेगळी अर्थिंग द्या.

मशीन मोठं घेऊन त्यावर दोन ट्यूब चालवत बसू नका. फार कमी लोडवर डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. निम्म्याच्या वर लोड असला की इंजिन खूश. म्हणूनच वाटलं तर रात्री दिव्यांना इन्व्हर्टर आणि दिवसा दोन तास जनरेटर, त्यातच पाणी चढवायचं आणि बॅटऱ्याही भरायच्या.

जनरेटर ऐनवेळी चालू होत नाही त्याची कारणं मी आजवर जी पाहिली ती सगळी फुटकळ आहेत. सेल्फची बॅटरी उतरलेली. डिझेल संपल्यावर पाईपनं एअर धरलेली आणि ती काढायला कुणाला येत नाही. टाकीत पाणी साचलेलं. खोलीची किल्ली सुट्टीवर गेलेल्याच्या खिशात. यावर उपाय म्हणजे दर अमावास्येला जनरेटर अर्धा तास खऱ्या लोडवर चालवायचा. अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधायची कुणी विसरत नाही, त्यातच हेही होऊन जातं. नुसता रिकामा घुर्रर्र करून बंद केला तर काही कळत नाही.

माझीच एक गोष्ट सांगतो. एका छोट्या दवाखान्याचं काम माझ्याकडे होतं. सगळं नवं, मशीन फर्स्ट क्लास. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, नवीन वॉचमननं जनरेटर चालू केला, आणि वीस मिनिटं तो चालूच राहिला. वॉर्डात काळोख. सिस्टर मोबाईलच्या उजेडात सलाईन बघत होत्या. मला फोन आला तेव्हा मागून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. वॉचमनला कुणी सांगितलंच नव्हतं की इंजिन चालू केल्यावर भिंतीवरचा हँडल फिरवायचा असतो. हँडलवर तिन्ही खुणा इंग्रजीत होत्या आणि त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. चूक माझी. दुसऱ्या दिवशी ऑईलपेंट घेऊन गेलो. लाईनीच्या बाजूला हिरवा, मध्ये पांढरा, जनरेटरच्या बाजूला लाल. खाली मराठीत आणि कानडीत नावं.

सोलरबद्दल थोडंसं

छतावर सोलर आहे म्हणजे लाईट गेल्यावर चालेल, हा मोठा गैरसमज. ग्रीडला जोडलेला साधा सोलर लाईन गेली की स्वतःही बंद होतो. लाईनमनच्या जिवासाठीच तसं बनवलेलं असतं. घरांसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यातून पॅनेल बसवणार असाल तर लाईट गेल्यावर चालायला बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर हवा, हे विकणाऱ्याला आधीच सांगा. अथणी-रायबागच्या उन्हात सोलरचं मी मनापासून सांगेन. कणकुंबीला जुलैत लाईट सगळ्यात जास्त जाते आणि ऊन सगळ्यात कमी असतं, तिथं एकट्या सोलरवर विसंबू नका. तिथं मोबाईलचा टॉवरही बॅटरी संपली की गप्प होतो, म्हणून महत्त्वाचे नंबर कागदावर, आणि निरोप घेऊन जाणारा मोटारसायकलवाला कोण तेही वहीत.

लाईट परत येते तेव्हा

मोटारी जळतात त्या बऱ्याचदा याच वेळी. अख्ख्या शिवारातले ऑटो स्टार्टर एकदम सुरू होतात, व्होल्टेज १६० वर येतं, टीसीचा फ्यूज उडतो आणि पुन्हा अंधार. तुमच्या ऑटो स्टार्टरला टायमर असेल तर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा वेळ लावा, कुणी पाच मिनिटं, कुणी आठ. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आणि ड्राय रन (पाणी संपलं की बंद करणारा) दोन्ही चालू ठेवा. वैतागून बायपास केलेले मी फार पाहिलेत, आणि नंतर त्याच मोटारी रिवाइंडिंगला आलेल्याही.

शेवटी एक पुठ्ठा घ्या, जाड मार्करनं लिहा, प्लास्टिकमध्ये घालून चेंजओव्हरच्या शेजारी खिळ्याला टांगा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. माझ्याकडे जो असतो त्यावर एवढंच आहे:

लाईट गेली. वेळ लिहा. लसीचा फ्रीज उघडू नका.
शेजाऱ्याकडे आहे का बघा. नसेल तर १९१२, टीसी नंबर सांगा.
डिझेलचा कॉक उघडा. इंजिन चालू. दोन मिनिटं थांबा.
हँडल हिरव्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून लालवर.
पाण्याची मोटार सगळ्यात आधी, मग बाकीचं एक-एक.
लाईट आली तरी पाच मिनिटं थांबा. मग लोड काढा, हँडल हिरव्यावर, इंजिन बंद.
वेळ लिहा.